गावातला रस्ता: आधी वही, मग पाणी, मग काँक्रीट

प्रश्न थोडक्यात असा: गावठाणातला सिमेंट रस्ता दोन पावसाळ्यांत उखडला, शेताकडची पाणंद नांगरून-नांगरून अरुंद झाली, निम्मे पथदिवे बंद आहेत. ग्रामपंचायतीत गेलं की ‘निधी नाही’ आणि ‘तो रस्ता आमच्याकडे येत नाही’ ही दोन उत्तरं ठरलेली. नव्या सदस्याने किंवा साध्या ग्रामस्थाने सुरुवात कुठून करायची?

सुरुवात कपाटातून करायची. ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे आणि नोंदींचे नमुने १ ते ३३ आहेत. घरपट्टीमुळे नमुना ८ आणि ९ सगळ्यांना माहीत असतात. या ३३ नमुन्यांतला नमुना २३ म्हणजे ग्रामपंचायतीच्या ताब्यातील रस्त्यांची नोंदवही. रस्ता कुठून कुठपर्यंत, लांबी-रुंदी किती, प्रकार कोणता, कधी पूर्ण झाला, दुरुस्तीवर काय खर्च झाला, हे त्यात असायला हवं. बऱ्याच ठिकाणी ही वही कोरी असते किंवा दहा वर्षांपूर्वीच्या चार ओळींवर थांबलेली असते. कोरी वही सोयीची असते, हे लक्षात घ्या. मारुती मंदिर ते शाळा हा रस्ता एकदा ‘मुख्य रस्ता’ म्हणून आणि तीन वर्षांनी दुसऱ्या लेखाशीर्षातून (सरकारी खर्चाच्या खात्यातून) ‘अमुक यांचे घर ते तमुक यांचे घर’ म्हणून होऊ शकतो, तो याच कोऱ्या वहीमुळे. म्हणून पहिलं काम हे की टेप घेऊन गावातला प्रत्येक रस्ता आणि बोळ मोजायचा, दोन्ही टोकांना न हलणारी खूण घ्यायची (चावडी, विहीर, विजेचा खांब, कोणाचं घर नको, घरं विकली जातात) आणि मासिक सभेच्या ठरावाने नमुना २३ पूर्ण करून घ्यायचा. साधारण दोन-तीनशे उंबऱ्यांच्या गावाला दोन दिवस पुरतात.

वही भरताना ‘रस्ता कोणाचा’ हेही कळून जातं. राष्ट्रीय महामार्ग बाजूला ठेवले तर राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, त्यांना ‘इजिमा’ आणि ‘ग्रामा’ असे क्रमांक असतात. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतले रस्ते महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्थेच्या यंत्रणेतून होतात. ठेकेदाराकडे पाच वर्षांची देखभाल असते आणि तसा फलक रस्त्याच्या तोंडाशी लावलेला असतो. गावठाणातले अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीचे. शेताकडच्या पाणंदी, शिवरस्ते आणि गाडीवाटा महसुली नकाशावर असतात. त्यांचा निर्णय तहसीलदारांकडे जातो, काम मात्र ग्रामपंचायतीच्या ठरावाशिवाय हलत नाही. वाडीवस्तीला जोडणारा जो रस्ता कोणाच्याच यादीत नसतो तोच सगळ्यात वाईट स्थितीत असतो, कारण क्रमांक नसलेल्या रस्त्याला जिल्हा परिषदेच्या ३०५४ किंवा ५०५४ या लेखाशीर्षांतून पैसा मागताच येत नाही. त्यासाठी आधी ग्रामसभेचा ठराव करायचा, मग तो पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागामार्फत जिल्हा परिषदेकडे पाठवून ग्रामीण मार्गाचा क्रमांक मागायचा. वेळखाऊ आहे, पण एकदा क्रमांक पडला की दरवर्षीच्या दुरुस्तीच्या यादीत हक्काने नाव घालता येतं.

ठराव कसा लिहिला जातो यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. ‘गावातील रस्ते दुरुस्त करण्यात यावेत, सर्वानुमते मंजूर’ हा ठराव म्हणजे नुसती शाई. त्यात नमुना २३ मधला अनुक्रमांक, दोन्ही टोकं, मीटरमध्ये लांबी-रुंदी, कामाचा प्रकार आणि कोणत्या निधीतून मागणी, एवढं तरी हवं. सूचक-अनुमोदकाची नावं लागतातच. ग्रामसभा वर्षाला किमान चार व्हायला हव्यात, नोटीस सात दिवस आधी लागते, गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर त्याच विषयांवरच्या पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही. विरोधातले लोक घरी बसून सभा मोडतात आणि मग तहकूब सभेत पंधरा माणसांत ठराव होतो, तो असा. घरी बसू नका. आणि इतिवृत्त सभेतच लिहून वाचून दाखवायचा आग्रह धरा; कोऱ्या पानावर आधी सह्या आणि मजकूर नंतर, ही पद्धत गावोगाव आहे.

आता ‘निधी नाही’ याबद्दल. पंधराव्या वित्त आयोगाने, २०२५-२६ पर्यंतच्या कालावधीसाठी, अनुदानाचे सरळ दोन भाग पाडले होते: ६० टक्के बंधित (ठरवून दिलेल्या कामांसाठीच), त्यातला निम्मा पाण्यावर आणि निम्मा स्वच्छतेवर, ४० टक्के अबंधित. रस्ता अबंधितातूनच करावा लागतो. पण रस्त्याच्या कडेची गटार सांडपाण्याच्या कामात बसते, म्हणजे ती बंधित निधीतून होते. जी ग्रामपंचायत ‘रस्ता व गटार’ असं एकच काम आराखड्यात टाकते तिचा अबंधित निधी लवकर संपतो आणि बंधित पडून राहतो. दोन वेगळी कामं टाका, एकमेकांना जोडून, गटारीचा क्रम आधी. याशिवाय ग्रामविकास विभागाचा २५१५ हा मूलभूत सुविधांचा निधी (तो आमदारांच्या शिफारशीवर चालतो, हे उघड गुपित), अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठीची वस्ती विकास योजना, स्मशानभूमी आणि तिच्या पोचरस्त्यासाठी जिल्हा नियोजनातली जनसुविधा, आमदार-खासदार निधी हे मार्ग असतात. स्वनिधीतून (घरपट्टीसारख्या ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून) मागासवर्गीयांसाठी १५, महिला-बालकल्याणासाठी १० आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के बाजूला काढावे लागतात. उरलेल्यावर रस्त्यांची डागडुजी आणि दिवे. ही रक्कम किती हे नमुना ९ मधली मागणी आणि प्रत्यक्ष वसुली शेजारी ठेवून बघा. घरपट्टी थकवून बसलेल्या गावाला ‘निधी नाही’ हे उत्तर खरंही असू शकतं.

एक नियम मात्र सगळ्यांना सारखा: जे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नाही त्याला वित्त आयोगाचा पैसा मिळत नाही. आराखडा हिवाळ्यात ठरतो आणि लोक रस्ता मागायला पावसाळ्यात येतात.

आता उखडलेल्या सिमेंट रस्त्याकडे येऊ. करारनामा आणि कार्यारंभ आदेशाची प्रत मागा. दोषदायित्वाचा कालावधी (ज्यात खराबी ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते) त्यात लिहिलेला असतो आणि तोवर ठेकेदाराची सुरक्षा अनामत अडकलेली असते. कालावधी संपण्याआधी ग्रामपंचायतीने खराबीची लेखी नोटीस काढली नाही तर अनामत परत जाते आणि विषय संपतो. म्हणून आधी ती तारीख बघा, बाकी सगळं नंतर. फोटो काढताना खड्ड्यात पट्टी किंवा टेप उभी धरा म्हणजे जाडी दिसेल.

पुन्हा नवं काम होणार असेल तर हिशेब तोंडपाठ हवा. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड रस्ता म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. एम-२० प्रतीचं काँक्रीट १ : १.५ : ३ (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणात केलं तर एका घनमीटरला साधारण ८ गोणी सिमेंट लागतं, म्हणजे ३६० गोण्या. रिकाम्या गोण्या मोजून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. (अंदाजपत्रकात एम-३० किंवा डिझाइन मिक्स असेल तर हा ठोकताळा चालत नाही, तिथे मिक्स डिझाइनचा अहवाल मागायचा.) पाणी एका गोणीला २५ लिटरच्या आसपास. मिक्सरवरचा माणूस हात हलका व्हावा म्हणून बादलीने पाणी वाढवतो आणि माल पातळ सुपासारखा ओततो. तो रस्ता दिसायला गुळगुळीत होतो आणि सहा महिन्यांत वरून पिठासारखा झिजू लागतो. उखडलेल्या रस्त्यावर बोटाने घासून भुकटी येत असेल तर दोष बहुधा तिथला.

जाडीची चोरी मात्र मधोमध होते, कडेला नाही. कडेची फळी किंवा चॅनेल बरोबर १५ सेंटिमीटर उंचीचं असतं, उपअभियंता तिथेच टेप लावतात. काँक्रीटखालचा थर मात्र मुद्दाम किंवा आळसाने मध्ये फुगीर सोडलेला असतो, त्यामुळे मध्यावर जेमतेम ९-१० सेंटिमीटर बसतं. उपाय सोपा आहे. काँक्रीट ओतण्याआधी या कडेच्या फळीपासून त्या कडेच्या फळीपर्यंत सुतळी ताणून धरा आणि कडेपासून ७५ सेंटिमीटरवर, मधोमध आणि पुन्हा पलीकडे ७५ वर अशी तीन ठिकाणी खोली मोजा. वरचा उतार मध्यापासून दोन्ही बाजूंना २ टक्के, म्हणजे दीड मीटरला ३ सेंटिमीटर धरतात. फळ्या कडेच्या उंचीवर असल्याने सुतळीपासून मध्यावरची खोली साधारण १२ सेंटिमीटर असली की तयार रस्ता मधे १५ भरतो. दर दहा मीटरला मोजून कागदावर लिहा, शाखा अभियंत्याची सही मागा. सही मिळो न मिळो, मोजमाप पुस्तिकेत (जिच्यावरून बिल निघतं त्या वहीत) खोटं लिहिताना हात जड होतो.

सांधे हा दुसरा विसरलेला विषय. सलग ओतलेलं काँक्रीट आकसून स्वतःच्या मर्जीने फुटतं. म्हणून साधारण दर ४ मीटरला किंवा त्याहून जवळ आडवा काप हवा, जाडीच्या पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे १५ सेंटिमीटरला ४ ते ५ सेंटिमीटर खोल. तो त्याच दिवशी उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी मारायचा. आठवड्याने कटर आणून नुसत्या रेघा ओढल्या तर त्या बिलासाठी असतात, रस्ता तोवर आतून तडकलेला असतो. खाली १२५ मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरला तर ओल्या मालातलं पाणी जमीन शोषत नाही. वर १४ दिवस पाणी: मातीचे वाफे करून किंवा गोणपाट भिजवून. टँकर रोज सकाळी एकदा फिरवणं म्हणजे क्युअरिंग नव्हे, एप्रिलच्या उन्हात ते तासाभरात उडून जातं. उसाच्या किंवा मुरमाच्या ट्रॉल्यांना २८ दिवस बंदी. यासाठी ग्रामपंचायतीने आडवे दगड टाकून दवंडी दिलेली बरी.

ताकदीच्या चाचणीसाठी त्याच काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे क्यूब (चौकोनी ठोकळे). आयएस ४५६ प्रमाणे ३१ ते ५० घनमीटर कामाला ४ नमुने, प्रत्येकी ३ क्यूब, म्हणजे आपल्या ४५ घनमीटरला १२. क्यूब रस्त्यावर ओतायच्या मालातूनच भरलेत ना, हे पाहायचं आणि ओल्या पृष्ठावर खिळ्याने तारीख व सही कोरायची. प्रयोगशाळेत दुसरेच क्यूब जाणं हा जुना खेळ आहे. कोरलेली सही तो थांबवते.

तरीही सगळं नीट केलेले रस्ते उखडतात, ते पाण्याने. काळ्या मातीवर बसलेल्या रस्त्याच्या कडेला पाणी साचलं की माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा काँक्रीटचा थर अधांतरी राहतो. मग ट्रॉलीच्या एका चाकाने कोपरा तुटतो. म्हणून कडेची गटार आधी आणि तिला उतार हवा: १०० मीटरला किमान ३० ते ५० सेंटिमीटर. रबरी नळीच्या पाणसळीने ही पातळी कोणीही घेऊ शकतो. गटार शेवटी कुठे सोडायची हे ठरल्याशिवाय खोदाई सुरू करू देऊ नका. शेवट नसलेली गटार म्हणजे लांबट डबकं. जिथे ओढा जवळ नाही तिथे सांडपाणी घराघरात शोषखड्ड्यात जिरवणं स्वस्त पडतं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने गावभर असे खड्डे घेऊन गटारीच हटवल्या, तो नमुना बघण्यासारखा आहे. काळ्या मातीत पाणी हळू जिरतं, तिथे खड्डा मुरमापर्यंत खोल न्यावा लागतो.

जुन्या रस्त्यावरच नवा थर चढवण्याची सवय तर मोडायलाच हवी. दर खेपेला १५-२० सेंटिमीटर वाढत रस्ता घरांच्या जोत्याच्या वर जातो आणि पावसाचं पाणी उंबरा ओलांडतं. अंदाजपत्रकात ‘जुना रस्ता खोदून काढणे’ ही बाब आहे का ते आधी पाहा. दुसरी बाब नळाची. जलजीवनची किंवा कुठलीही पाइपलाइन रस्त्याआधी टाका आणि दर दोन घरांमागे रस्त्याखालून आडवा ११० मिलिमीटरचा रिकामा पीव्हीसी पाइप सोडून ठेवा, म्हणजे नंतरच्या नळजोडणीसाठी रस्ता फोडावा लागत नाही. पाणीयोजनेच्या अंदाजपत्रकात रस्ता पूर्ववत करण्याची रक्कम धरलेली असते. ती खर्ची पडली पण चर मातीनेच बुजवला, असं असेल तर लेखी तक्रारीला तेवढा एक मुद्दा पुरतो. अरुंद बोळांत, जिथे पुढे खोदावं लागणारच आहे, तिथे पेव्हर ब्लॉक बरे: चालण्यापुरते ६० मिलिमीटर, ट्रॅक्टर जात असेल तर ८०. कडेला काँक्रीटची पट्टी नसेल तर ते वर्षभरात पसरतात.

पाणंदीचा मामला वेगळा. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्या. तुटक दुबार रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. हे विचित्र आकडे जुन्या ३३ फुटी साखळीतून आलेत: अर्धी साखळी साडेसोळा, पाव साखळी सव्वाआठ, आपला गुंठाही त्याच साखळीचा, ३३ गुणिले ३३. नकाशावर रस्ता असेल आणि तो नांगरला असेल तर ते अतिक्रमण आहे. तहसीलदारांकडे अर्ज, मोजणी, खुणा आणि खुणांवर लगेच चर किंवा दगड. मोजणीच्या खुणा पहिल्या नांगरटीला गायब होतात.

नकाशावर नसलेल्या रस्त्यासाठी दोन कायदे आहेत आणि लोक चुकीचा निवडून वर्ष घालवतात. वहिवाटीचा, वापरातला रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ (मामलेदार म्हणजे तहसीलदार). अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज हवा. ही मुदत ‘आपसात मिटवू’ म्हणत पारावर बसल्या-बसल्या निघून जाते, म्हणून बोलणी चालू ठेवा पण अर्ज टाकून ठेवा. शेताला मुळात रस्ताच नसेल तर जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३: बांधावरून नवा रस्ता. तिथे तहसीलदार पाहतात की गरज खरी आहे का, आधीचे मालक कुठून जात होते, दुसरा मार्ग आहे का आणि कमीत कमी नुकसान कोणत्या बांधाने होतं. निकाल मान्य नसेल तर अपील करता येतं किंवा एका वर्षात दिवाणी दावा. दावा केला की अपिलाचा रस्ता बंद. दोन्ही प्रकारांत हुकूम झाल्यावर सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात रस्त्याची नोंद घ्यायला विसरू नका, नाहीतर जमीन विकली गेली की नवा मालक पुन्हा काटे टाकतो.

गावठाणातल्या सार्वजनिक रस्त्यावर ओटा, जिना किंवा गोठा पुढे आला असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ प्रमाणे काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीचाच आहे. तिने हात वर केले तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आणि सदस्याचंच अतिक्रमण असेल तर कलम १४(१)(ज-३) त्याचं सदस्यत्व घालवू शकतं. बरीच अतिक्रमणं निवडणुकीच्या आधी आपोआप निघतात ती याच कलमामुळे.

पाणंद मोकळी झाली की खर्च मुरमाचा. १ किलोमीटर लांब, ३ मीटर रुंद, दबून १५ सेंटिमीटर भरणारा थर म्हणजे ४५० घनमीटर. सैल माल सुमारे तीस टक्के जास्त धरला तर ५८५ घनमीटर, म्हणजे साधारण २०७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दोन ब्रासच्या गाडीने शंभरावर खेपा. ज्या कामात चाळीस खेपा दिसल्या तिथे मोजमाप पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघाच. एकाच वेळी सगळा ढीग पसरून वरून रोलर फिरवला तर खालचा भाग सैलच राहतो. दोन थर, प्रत्येकावर पाणी आणि रोलर. मधला उंचवटा काँक्रीटपेक्षा जास्त हवा, ३ ते ४ टक्के. दोन्ही बाजूंना चर काढले नाहीत तर पहिल्या पावसात मुरूम काळ्या मातीत गाडला जातो आणि पाणंद पुन्हा राबडी होते. रस्त्याखालच्या मोरीला एनपी-३ दर्जाचा काँक्रीट पाइप, व्यास ६०० मिलिमीटर तरी, म्हणजे आत हात घालून पालापाचोळा काढता येईल. वर ६० सेंटिमीटर भराव. स्वस्तातला एनपी-२ भरल्या ट्रॉलीखाली फुटतो.

दिव्यांचं काम यात सगळ्यात सोपं. खांब महावितरणचा, दिवा आणि ब्रॅकेट ग्रामपंचायतीचा, हे आधी समजून घ्या. खांबावर चढण्याआधी महावितरणकडून लाइन बंद करून घेतलीच पाहिजे, शिपायाला शिडी देऊन पाठवू नका. २४ वॅटचे ६० एलईडी रोज साडेअकरा तास जळले तर महिन्याला साधारण ४९७ युनिट होतात. बिल याच्या दुप्पट येत असेल तर दिवे दिवसाही जळतायत किंवा त्याच लाइनवर कोणाचा तरी वीजचोरीचा आकडा आहे. पॅनेलला टायमर आणि कॉन्टॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर सगळे दिवे चालू-बंद करणारा स्विच) बसवा, टायमरची वेळ ऋतूप्रमाणे बदलायचं काम एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा. प्रत्येक खांबावर ऑइलपेंटने मोठा क्रमांक टाका आणि वही ठेवा: खांब १७, बंद झाल्याची तारीख, चालू झाल्याची तारीख. एकच खांब वारंवार येऊ लागला तर दिवा बदलत बसू नका, वरची जोडणी सैल असते.